पाण्यापुरतं बोलणं

दुसऱ्या मजल्यावरचं पुढचं घर चंदनाने होइनूला दिलं ते चांगल्या मनाने दिलं होतं. पुढे हे कुणी ऐकून घेतलं नाही, ती गोष्ट निराळी.

इमारतीचं सगळं चंदनाच बघायची. गुडघे गेल्यावर सासऱ्यांनी, जयसिंगरावांनी, भाडेकरूंचा कारभार धाकट्या मुलाकडे न देता थोरल्या सुनेकडे दिला आणि त्याच वर्षी घरात दोन चुली झाल्या. तळमजल्यावर चंदना, तिचा नवरा गिरीराज, मुलगी भूमिका आणि सासू-सासरे. पहिल्या मजल्यावर धाकटा दीर शंभूराज आणि त्याची बायको प्रेमा. बंगळूरच्या टोकाला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांच्या पाठीमागच्या या गल्लीत म्हातारपणापर्यंत अडकून राहायची शंभूराजला इच्छा नव्हती. जागा बिल्डरला द्यावी आणि जे. पी. नगरला दोन चांगली घरं घ्यावीत, हे त्याचं जुनं म्हणणं. जयसिंगराव ते कानाआड करायचे. मग इमारतीत मोटर जळली, पाइप फुटला, भाडेकरूंची कुरबुर झाली, की शंभूराज जिन्यात उभा राहून एवढंच म्हणायचा, "वैनींना विचारा."

जानेवारीत होइनू घर बघायला आली ती ड्यूटीवरून परस्पर, नर्सच्या पांढऱ्या बुटांवरच. जवळच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी लागली होती. नर्सिंग ती तरुणपणी बंगळूरलाच शिकलेली, त्यामुळे कन्नड छान बोलायची, आणि चंदनाला ते फार आवडलं. होइनू मूळची मणिपूरची. लग्नानंतर इम्फाळमध्ये राहिली होती आणि आता आठ वर्षांच्या मुलीला, नेंगबोईला, घेऊन परत आली होती. नवरा तिकडेच, डोंगरात, म्हाताऱ्या आईपाशी थांबला होता. भाडेकरूला जात विचारायची नाही, त्याच्या ताटात काय असतं ते विचारायचं नाही, असा चंदनाचा शिरस्ता होता. लग्नाआधी तिच्या वडिलांना घर शोधताना दारोदार हीच उत्तरं द्यावी लागली होती, ते ती विसरली नव्हती. मणिपूर एवढं ऐकून ती खूशच झाली. म्हणाली, मग तर काळजीच नको, समोरच्या घरात तुमच्याच गावची माणसं आहेत.

समोर मेमचा राहायची. तिचा नवरा कित्येक वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आचारी होता. मेमचा आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा चिंगलेन त्याच्याकडे आले ते गेल्या जुलैत. पोरगा शाळेत गेल्यापासून भराभर कन्नड शिकला. आई मात्र आपल्या भाषेबाहेर पडली नव्हती, चार-दोन हिंदी शब्दांवर तिचं भागायचं.

चंदनाने होइनूला हौसेने त्या दारात नेलं. मेमचाने दार उघडलं, होइनूच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिच्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

होइनू तशीच उभी राहिली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "अक्का, हे मैतेई लोक आहेत काय?"

चंदनाला तो शब्दच माहीत नव्हता. संध्याकाळी भूमिकाने तिला सगळं सांगितलं. भूमिका कॉलेजात होती, तिच्या वर्गात दोन्हीकडची मुलं होती. गेल्या मे महिन्यापासून मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी यांच्यात लढाई लागली होती. मैतेई खोऱ्यात, कुकी डोंगरात, मध्ये बंदुका. खोऱ्यातला कुकी खोऱ्यात राहू शकत नव्हता आणि डोंगरातला मैतेई डोंगरात. मेमचा मैतेई होती, होइनू कुकी, आणि कुकी बहुतेक ख्रिस्ती. भूमिकाने फोनवर जळालेली घरं दाखवली, कुणाची ते त्यांच्यावरून कळत नव्हतं. चंदनाने थोडी बघितली आणि फोन परत दिला.

गिरीराज म्हणाला, देण्याआधी विचारायला नको होतं? पण नेमकं काय विचारायचं होतं, ते त्यालाही सांगता येईना.

होइनूने सामान आणलं, कारण तिला दुसरं घर मिळत नव्हतं. चेहरा बघूनच लोक घर नाही म्हणायचे. मेमचाही गेली नाही, कारण तिचीही तीच गत होती. मेमचाच्या नवऱ्याने एकदा येऊन अदबीने विनंती केली, की जमलं तर समोरच्यांना दुसरीकडे हलवा. होइनूनेही आपण होऊन सांगितलं, की घर मिळालं की मी जाते. दोघींनीही आवाज चढवला नाही. दोन्ही दारं दिवसभर बंद असायची. एकीची चप्पल जिन्यात वाजली की दुसरीचं दार उघडायचं थांबायचं, एवढंच काय ते.

हे असंच चाललं असतं, पण त्या वर्षी बोअर आटली. सगळ्या शहराचीच तारांबळ उडाली होती. एक दिवसाआड टँकर यायचा आणि अंगणाखालच्या टाकीत, इकडे जिला संप म्हणतात तिच्यात, पाणी सोडून जायचा. वरच्या टाकीत चढवलं तर लोक उधळतात म्हणून गिरीराजने मोटर बंद ठेवली आणि संपाला एक हातपंप बसवला. संध्याकाळी ज्याने त्याने खाली येऊन आपापल्या कळश्या भरायच्या.

मेमचा आणि होइनू एका पंपापाशी उभ्या राहणार नव्हत्या. म्हणून दोघींनी मुलांना पाठवलं.

पंप चंदनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होता. पहिल्या दिवशी ती पोरं आपापल्या कळश्या मध्ये ठेवून एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली होती. चंदनाला वाटलं, घरून बजावलेलं दिसतंय. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला चिंगलेन पंप मारता मारता तोंडातल्या तोंडात मोजत होता. अमा, अनी, अहुम, मरी. तिथे त्याचा दम संपला आणि तो थांबला. पाठीमागून नेंगबोई म्हणाली, "मंगा."

पोरगा वळला. चंदनाने त्याचा चेहरा बघितला आणि हातातलं काम ठेवून दिलं. आठ महिने त्या पोराने आपली भाषा आईबापांच्या बाहेर कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. नेंगबोई इम्फाळमध्ये वाढलेली, तिथल्या शाळेत शिकलेली. कुकी घरातली असली तरी गल्लीत, शाळेत, दुकानात ती मैतेईच बोलत आली होती. त्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. मग ती दोघं बोलतच सुटली. कळशी भरून वाहिली, तरी पंप चालूच होता. एरवी चंदना ओरडली असती. त्या दिवशी तिने पाणी वाहू दिलं.

चंदनाला त्यातलं काय कळणार. पण तिला स्वतःचं लहानपण आठवलं. चहूकडे कन्नड असलेल्या कोलारच्या बाजारात वडील तिचं बोट धरून चालले असताना एका कापडाच्या दुकानातून कुणी मराठीत हाक मारली, की ते घेणं नसताना आत शिरायचे आणि तासभर बोलत बसायचे. दुकानदार कोण, कुठला, ते त्यांना नंतर सांगता यायचं नाही.

पुढचे पंधरा-वीस दिवस पोरांचं गुपचूप बरं चाललं. चिंगलेन पंप मारायचा, नेंगबोई कळशी धरायची. गाडी लावायच्या जागेत विटेच्या तुकड्याने चौकोन आखून ती खेळायची, आणि वर जाताना मात्र आधी एक जायचा, मग दुसरी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चंदनाने ते कुणाला सांगितलं नाही, गिरीराजलाही नाही. आपलं चुकतंय का, असं तिला मधूनमधून वाटायचं. पण टँकरच्या दिवशी ती हटकून खिडकीपाशी कणीक मळायला घ्यायची.

एका गुरुवारी नेंगबोईच्या हाताला काहीतरी लागलं होतं. तिला कळशी उचलवेना, म्हणून चिंगलेनने एक कड धरली आणि दोघं एकत्र जिना चढली. मेमचा वरून कपडे घेऊन उतरत होती. आपला मुलगा त्या घराच्या उंबऱ्यात वाकून कळशी ठेवताना तिने बघितला.

तिने त्याला मनगट धरून आत नेलं. चंदनाला खालपर्यंत काही ऐकू आलं नाही, आणि तेच तिला जास्त वाईट वाटलं. पुढच्या टँकरला चिंगलेन आला नाही. मेमचा स्वतः आली, डोक्यावरून पदर घ्यावा तशी ओढणी पुढे ओढून, कुणाकडे न बघता पाणी भरून गेली. नेंगबोई संपाच्या कट्ट्यावर तिची वाट मोकळी होईपर्यंत बसून राहिली.

त्यातच मेमचाच्या नवऱ्याच्या ओळखीची दोन माणसं गिरीराजला भेटून गेली आणि दोन दिवसांनी होइनूच्या चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ आले. दोन्हीकडचे सभ्यपणे बोलले. दोघांनी एकच विचारलं, आमची माणसं इथे सुरक्षित आहेत ना? गिरीराजने दोघांना हो म्हणून सांगितलं आणि त्याची झोप उडाली. रविवारी बसून हे मिटवायचं, असं त्याने जाहीर केलं. जयसिंगराव म्हणाले, बसा, पण त्या दोघींनाही बोलवा. माणसाच्या पाठीमागे निकाल लावायचा नाही.

रविवारी जेवणाआधी सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. त्या दोघींना थोड्या वेळाने बोलावलं होतं. आधी घरातलं ठरवून घ्यावं, असा गिरीराजचा विचार. चुली वेगळ्या झाल्यापासून सणवार सोडला तर शंभूराज आणि प्रेमा त्या हॉलमध्ये बसले नव्हते. प्रेमा दाराजवळच्या खुर्चीवर बसली, उठून जायला सोपं पडेल अशी.

गिरीराजने सुरुवात केली. त्याचं म्हणणं सरळ होतं. मेमचा आधीपासून आहे, होइनू नंतर आली. नंतरचीने जावं. आपण तिला घर शोधून देऊ, पण जावं. दंगा इथं व्हायला नको.

शंभूराज म्हणाला, "एकीला कशाला, अण्णा? दोघींना पाठव की. एकीला ठेवलं तर तिची बाजू घेतल्यासारखं होतंय. दोन्ही घरं मोकळी कर, मग निवांत बघू पुढचं."

पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. जयसिंगरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चंदना काही बोलणार तेवढ्यात दाराकडून आवाज आला.

"मोकळीच करायची असंल तर तसं सांगा. त्या पोरांच्या नावावर कशाला?"

प्रेमा होती. शंभूराजने मान वळवून तिच्याकडे बघितलं. जे. पी. नगरच्या घरांवरून गेली तीन वर्षं नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून भांडलेली ही बाई. प्रेमाने त्याच्याकडे बघितलं नाही. ती चंदनाकडे बघून बोलत होती. सगळे अक्कांना बोल लावतात, पण पोरं खाली खेळतात हे मलाही ठाऊक होतं, ती म्हणाली. मी गॅलरीतून रोज बघत होते. मीही कुणाला सांगितलं नाही. बोल लावायचा तर मलाही लावा.

गेल्या तीन वर्षांत प्रेमा चंदनाशी सणाच्या नैवेद्याखेरीज कशावर बोलली नव्हती.

आधार मिळाला तो जावेकडून, आणि विरोध झाला तो जिच्या भरवशावर ती होती त्या सासूकडून. अंबुबाई एवढा वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. चिंगलेनवर त्यांची माया होती. तो त्यांना अज्जी म्हणायचा, शाळेतून आला की त्यांच्याकडून शेंगदाण्याची चिक्की घेऊन जायचा. त्या म्हणाल्या, "मेमचाचा पाठचा भाऊ गेलाय. गावाच्या वेशीवर राखणीला उभा होता, गोळी लागली. मला त्या पोरानंच सांगितलं. दार उघडलं की समोर त्यांच्यातलं माणूस दिसायचं, हे रोज कसं सोसावं तिनं? तिला बघवत नाही म्हणजे ती वाईट झाली काय?"

"त्यांच्याही घरचं गेलंय, अज्जी," भूमिका म्हणाली.

"असंल. मी कुठं नाही म्हणते. म्हणून तर म्हणते, समोरासमोर नको."

सासूचं बोलणं खोटं नव्हतं. हे घर द्यायच्या आधी आपल्याला हे कळलं असतं तर आपणही हेच म्हटलं असतं, असं चंदनाला वाटून गेलं. गिरीराज म्हणाला, मग ठरलं, आणि जयसिंगराव नाही म्हणाले नाहीत. भूमिका दोघींना बोलवायला वर गेली.

मेमचा आली ती चिंगलेनला घेऊन. नवऱ्याला रविवारीही सुट्टी नव्हती. तिला हिंदी पुरत नव्हतं आणि कन्नड तर येतच नव्हतं, म्हणून पोरानेच दुभाष्याचं काम करायचं होतं. होइनू नेंगबोईसह आली, दुपारच्या ड्यूटीचे कपडे घालूनच. मेमचा सोफ्याच्या एका टोकाला बसली. होइनू सोफ्यावर बसलीच नाही, तिने प्रेमाजवळची प्लास्टिकची खुर्ची घेतली. मुलं आपापल्या आईच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही. चंदनाला पहिल्या दिवशीच्या दोन पाठी आठवल्या.

जयसिंगराव कन्नडमध्ये मेमचाला म्हणाले, की बाई, तू आधीपासूनची आहेस. तुझ्या मनात काय आहे ते तुझ्या तोंडून सांग. आम्ही ऐकून घेऊ आणि तसं करू.

चिंगलेनने ते आईला सांगितलं. मेमचा बोलायला लागली. ती बराच वेळ बोलली, खाली बघून, आवाज न वाढवता. मध्ये एकदा तिने ओढणीच्या टोकाने ओठ पुसले. शेवटी तिने होइनूकडे नव्हे, तिच्या मुलीकडे हात केला आणि एक लहानसं वाक्य बोलून ती थांबली.

सगळे पोराकडे बघायला लागले. चिंगलेनचे कान लाल झाले होते. तो कन्नडमध्ये म्हणाला, "अम्मा म्हणते, पाण्याची वेळ वेगळी करा. मोठ्यांनी वेगवेगळ्या वेळी यायचं. बाकी काही नाही."

हॉलमध्ये सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला. गिरीराज म्हणाला, एवढंच ना? शंभूराजने खांदे उडवले. अंबुबाईंनी मात्र भुवया जवळ आणल्या. चंदनाला वाटलं, एवढं लांब बोलणं आणि एवढंसं सांगणं. तिची नजर नेंगबोईवर गेली. ती पोरगी तोंड किंचित उघडं ठेवून चिंगलेनकडे बघत होती. आणि मग चंदनाने होइनूकडे बघितलं.

होइनूला दोन्ही भाषा येत होत्या. खोलीतल्या मोठ्यांपैकी ती एकटीच होती जिला मेमचा काय बोलली तेही कळलं होतं आणि पोराने काय सांगितलं तेही. ती गप्प बसली असती तर बैठक तिथेच उठली असती आणि तिचं घर राहिलं असतं. तिने घड्याळाकडे बघितलं, पर्सचा पट्टा हातातून खाली ठेवला, आणि मेमचाकडे वळून मैतेईत काहीतरी बोलली. दोनच वाक्यं.

मेमचाची मान झटकन वर आली. जानेवारीपासून समोरासमोर राहून त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदा बोलत होत्या. तिने पोराचा दंड धरला आणि त्याला आपल्यासमोर ओढून काहीतरी विचारलं. तिचा हात वर गेला. चिंगलेन मागे सरला नाही. तो रडत रडत आईला एकच काहीतरी पुन्हा पुन्हा सांगत राहिला. चंदनाला एकही शब्द कळत नव्हता, आणि घरातल्या कुणालाच कळत नव्हता. आपल्याच घरात परक्यासारखे सगळे नुसते बघत होते.

मेमचाचा हात थोडा वेळ तसाच राहिला आणि मग पोराच्या डोक्यावर उतरला, मारल्यासारखा नाही आणि कुरवाळल्यासारखाही नाही. ती होइनूला काहीतरी म्हणाली. होइनूने उत्तर दिलं. मग त्या दोघी बोलल्या. मध्ये मोठी मोठी अंतरं पडायची, कुणीतरी भिंतीकडे बघायचं, पुन्हा बोलायचं. गिरीराजला राहवेना, तो भूमिकाला म्हणाला, काय चाललंय विचार की. जयसिंगरावांनी त्याला हाताने थांबवलं.

शेवटी मेमचा उठली. तिने पोराला पुढे केलं नाही. तिला येत होते तेवढेच हिंदी शब्द शोधून शोधून ती स्वतः जयसिंगरावांना म्हणाली, "पानी... बड़ा लोग, अलग टाइम." थोडी थांबली. "बच्चा, एक टाइम."

आणि मुलाला घेऊन वर गेली.

जयसिंगराव म्हणाले, सरी, ठीक आहे. मग तसंच. घराचं नंतर बघू, घाई कुणालाच नाही. गिरीराजला ते पुरतं पटलेलं दिसलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. शंभूराज जिना चढून गेला. प्रेमा मात्र त्याच्यामागे गेली नाही. ती आत स्वयंपाकघरात आली आणि काही न बोलता ताटं मांडायला लागली. ती त्या दिवशी खालीच जेवली. नंतर चार दिवस शंभूराज तिच्याशी बोलला नाही, हे तिनेच चंदनाला सांगितलं, तेही हसत.

होइनूला ड्यूटीला उशीर झाला होता. चंदना तिच्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिला विचारल्यावाचून राहवत नव्हतं. मेमचा काय म्हणाली होती?

होइनूने सगळं सांगितलं, पेशंटचा रिपोर्ट सांगावा तसं. मेमचा म्हणाली होती, माझा भाऊ कसा गेला ते मी बघितलंय. रात्री समोरच्या घरात भांडं वाजलं तरी मी उठून बसते. तिची मुलगी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्या मुलीचा हात लागलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही. त्यांना काढा. आणि पोराने त्याचं पाण्याची वेळ करून टाकलं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"तेच. की तुझा मुलगा तुझं बोलणं सांगत नाहीये."

"तुम्ही गप्प बसला असतात तर घर राहत होतं तुमचं."

होइनू रस्त्याकडे, बस येते का ते बघत होती. "माझं घर इम्फाळमध्ये जळलं, अक्का. सासरे छावणीत गेले, औषध वेळेवर मिळालं नाही. एवढं झाल्यावर एका पोराला आईशी खोटं बोलायला लावून मला इथलं घर नको होतं. आज ते घेतलं असतं तर ती बाई उद्या पोरालाही गमावून बसली असती."

चंदनाने विचारलं, तो रडत काय म्हणत होता?

"म्हणत होता, ती गेली तर मी कुणाशी बोलू."

मग तुमच्या दोघींचं काय बोलणं झालं, हेही चंदनाने विचारलं. होइनू म्हणाली, फार काही नाही. तिने भावाचं नाव सांगितलं. मी सासऱ्यांचं सांगितलं. तिचं गाव मला माहीत निघालं, त्या रस्त्याने मी कामाला जात असे. मग बोलण्यासारखं उरलं नाही. बस आली आणि ती चढून गेली.

टँकर दुसऱ्या दिवशी पाच वाजता आला. चंदनाने खिडकीपाशी कणीक घेतली. प्रेमा तिच्याजवळ उभी राहून भाजी चिरत होती, वर स्वतःचं स्वयंपाकघर असून. बाहेर चिंगलेन पंप मारत होता, नेंगबोईने कळशी धरली होती. आज दोघांचा आवाज खाली होता, कारण जिन्याच्या पहिल्या पायरीवर मेमचा उभी होती. वेळ मुलांची होती, तिची नव्हती. तरी ती आली होती. हात बांधून, कठड्याला टेकून ती पंपाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. प्रेमाचा सुरीवरचा हात थांबला.

नेंगबोई चिंगलेनला काहीतरी सांगत होती. इम्फाळ सोडून तिला वर्ष होत आलं होतं आणि इथे ती शाळेत इंग्रजी, घरात आईची भाषा बोलायची. बोलता बोलता ती अडखळली, एक शब्द शोधला, बोलली आणि पुढे जायला लागली.

पायरीवरून मेमचा एकच शब्द बोलली.

पोरगी दचकली. पंप थांबला. नेंगबोईने मेमचाकडे बघितलं, मग हळूच तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला. मेमचाने मान थोडी हलवली, आणखी एकदा म्हणाली, या वेळी सावकाश, तोडून. पोरीने पुन्हा म्हटला. मेमचा वळली आणि जिना चढून वर गेली.

चंदनाने खिडकीतून चिंगलेनला हाक मारली आणि विचारलं, अम्मा काय म्हणाली रे?

"काही नाही, आंटी," तो कन्नडमध्ये म्हणाला आणि पुन्हा पंपाला भिडला. "तिचा शब्द चुकला होता. अम्माने बरोबर करून दिला."